झाडाच्या पलीकडची बाजू

उभं झाड विकत घ्यायचं, पाडायचं, तुकडे करायचे आणि लाकूड विकायचं, हा माझा धंदा. यातली सगळी कमाई झाड उभं असतानाच होते. मालकाला वाटतं, आपल्या बांधावर सोनं उभं आहे. मी झाडाभोवती दोन फेऱ्या मारायचो, कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, खोडावर ठोकायचो आणि तोंड वाकडं करायचो. आत पोकळ आहे, गाठी फार आहेत, रस्त्यापर्यंत ओढून न्यायचं कसं, जळणाच्या भावाने घेतो. झाडाला नावं ठेवण्यात माझा हात धरणारा लातुरात कुणी नव्हता. मालक चिडायचा, मी त्याच्यापेक्षा जास्त चिडायचो, उठून चालायला लागायचो आणि दहा पावलांवर तो मागून हाक मारायचा. मुखेडहून अंगावरच्या कपड्यानिशी आलेल्या माणसाला या चिडण्याने लातुरात घर बांधून दिलं. त्यामुळे ते वाईट आहे असं मला बरीच वर्षं वाटलं नाही.

आज माझ्याकडे चार चेनसॉ आहेत आणि त्या चालवणारी माणसं आहेत. गंजात, म्हणजे बाजारात, कुणी भेटलं की म्हणतं, आप्पा, आपल्या भागात मशीन पहिल्यांदा तुम्हीच आणलं ना? पहिलं की दुसरं ते मला माहीत नाही, पण लवकर आणलं हे खरं. ते आणण्याआधी माझा एक जोडीदार होता आणि ते आणल्यानंतर राहिला नाही. लोक मशीनबद्दल विचारतात, म्हणून मशीनबद्दलच लिहायला बसलो आहे. पण जोडीदाराला वगळून ते लिहिता येत नाही.

गफूरभाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. दोन मुठींची करवत धरायला मला त्यांनीच शिकवलं. ही करवत माणसाएवढी लांब असते आणि तिच्या दोन्ही टोकांना मुठी असतात. झाडाच्या या बाजूला एकजण, त्या बाजूला दुसरा. नियम एकच, करवत ओढायची, ढकलायची नाही. ढकलली की पातं वाकतं. त्यांनी ओढली की मी हात सैल सोडायचा, मी ओढली की त्यांनी. पहिला महिनाभर मी ढकलायचो. "आप्पा, तुला समोरच्यावर भरोसाच न्हाई," असं ते म्हणायचे. "मी ओढून राहिलो ना? मग तू कशाला जोर लावतो?"

सौदे मी करायचो, झाड ते वाचायचे. कोणत्या बाजूला कलेल, आत काय आहे, कधी बाजूला व्हायचं, हे सगळं त्यांच्याकडे होतं. झाड पडण्याआधी आतून बारीक कटकट आवाज येतो. मला तो कधी वेळेवर ऐकू आला नाही. गफूरभाई मध्येच हात वर करायचे, आम्ही करवत सोडून मागे व्हायचो आणि मग मला तो आवाज यायचा. वीस वर्षांत आमच्या अंगाला झाडाचा ओरखडाही लागला नाही.

मशीन घ्यायचं कुणी ठरवलं, असं विचाराल तर त्यांनीच. भूकंपाच्या वेळी ठरवलं.

त्या सकाळी आम्ही ट्रकमध्ये बसून औसा तालुक्याच्या पलीकडे गेलो. करवत घेऊन गेलो, कारण लाकूड कापणारी माणसं हवी आहेत असा निरोप होता. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे हात-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर अंथरलेला मातीचा जाड थर. भिंती सरकल्या की ते सगळं ओझं खाली येतं. आम्ही पोचलो तेव्हा एका घरात तुळईखाली एक बाई होती. तिचा आवाज येत होता. ती पाणी मागत नव्हती, म्हैस सोडली का एवढंच विचारत होती. तिचा दीर बाहेरून सांगत होता, सोडली, वैनी, सोडली. म्हैस गोठ्यात मेलेली होती.

तुळई सागाची होती. ती कापायची तर करवतीच्या दोन टोकांना दोघं उभे राहायला हवेत आणि तिथे एकाचीच जागा होती. कुऱ्हाड चालवली तर दणक्याने वरचे दगड हलायचे. आम्ही दगड उपसून दुसऱ्या माणसाची जागा करू लागलो. त्यात वेळ गेला. मग बाहेरगावाहून आलेल्या पथकातला एकजण हातात मशीन घेऊन आला, एकटाच आत सरकला आणि तांब्याभर पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तुळईचे दोन तुकडे केले. बाईला बाहेर काढलं तेव्हा ती बोलत नव्हती. तिला सावलीत ठेवलं आणि कुणीतरी तिच्या अंगावर चादर टाकली.

परतीच्या ट्रकमध्ये गफूरभाई करवत मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "आप्पा, आपण दोघं होतो म्हणून उशीर झाला. एकट्यानं चालतंय असलं मशीन आपण घ्यायचं."

घ्यायचं म्हणजे लगेच घेतलं असं नाही. तीन-चार वर्षं गेली. तोपर्यंत लातूर बदलायला लागलं होतं. दहावी-बारावीला इथली मुलं वर येऊ लागली आणि बाहेरगावचे पालक मुलांना घेऊन इथे येऊ लागले. क्लास निघाले, क्लासच्या मागे खानावळी आणि वसतिगृहं निघाली. पूर्वी ज्या मोकळ्या प्लॉटांमध्ये कडुलिंब आणि बाभळी उभ्या होत्या तिथे मजल्यावर मजले चढू लागले. प्लॉटवाल्यांना झाड आजच्या आज पडायला हवं होतं. जूनमध्ये पोरं येणार, त्याआधी स्लॅब टाकून व्हायला हवा. करवतीने दोन दिवस लागतील म्हटलं की ते दुसऱ्याकडे जायचे. मी गफूरभाईंना म्हणालो, आता घेऊ.

लातुरात त्या वेळी चांगलं मशीन मिळत नव्हतं. आम्ही दोघं एसटीने नांदेडला गेलो. गफूरभाईंची मुलगी उमरीला दिलेली, तिला नुकतंच बाळ झालं होतं. ते म्हणाले, मोलभाव तुझा, त्यात माझं काय काम? मी नात बघून येतो. ते उमरीच्या गाडीत बसले आणि मी एकटा दुकानात गेलो.

दुकानदार शांत माणूस होता. अशा माणसांशी मला जास्त जोर येतो. त्याने मशीन खोलून दाखवलं. लांब पोलादी पट्टी, तिच्या कडेने फिरणारी साखळी, साखळीला दात. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं, साखळीचं तेल वेगळ्या टाकीत. त्याने भाव सांगितला, मी तो ऐकून हसलो, मग आम्ही तासभर झगडलो. मी दोनदा पायऱ्या उतरलो. दुसऱ्यांदा त्याने हाक मारली नाही, मलाच परत जावं लागलं, आणि त्याचा राग माझ्या डोक्यात बसला.

शेवटी तो म्हणाला, "आप्पा, यात माझा माणूस पण धरलाय. दोन दिवस येऊन राहील, कसं धरायचं, कानस कशी मारायची, सगळं दाखवील."

मी म्हणालो, वीस वर्षं झाडं पाडून राहिलो, मला कोण दाखवणार? तो माणूस काढा आणि भाव सांगा.

"माणूस काढू नका. पाहिजे तर दुसरं काही काढू."

"माणूसच काढा."

त्याने काढला. भाव उतरला. मी मशीन खांद्यावर टाकून मोंढ्याच्या बाजारातून स्टँडपर्यंत चालत गेलो आणि असा सौदा नांदेडात कुणी केला नसेल असं मला वाटलं. दुकानदाराने माणसाच्या बदल्यात एक पुस्तिका दिली होती. ती इंग्रजीत होती, पण चित्रं होती. एका चित्रात मशीनवाला माणूस, त्याच्याभोवती मोठं वर्तुळ आणि वर्तुळात शिरलेल्या दुसऱ्या माणसावर फुली. मी ते चित्र पाहिलं. बघ्यांना जवळ येऊ देऊ नका, असा मी त्याचा अर्थ लावला. गफूरभाई काही बघे नव्हते.

मशीनची निगा आम्ही वाटून घेतली. पेट्रोल आणि ऑइल मिसळणं गफूरभाईंकडे. ऑइल कमी पडलं तर आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, जळून जाम होतो, जास्त झालं तर धूर आणि मशीन कण्हतं. त्यांनी खोकल्याच्या औषधाचं टोपण माप म्हणून ठेवलं आणि ते कधी चुकलं नाही. संध्याकाळी हवेची जाळी काढून जुन्या दाताच्या ब्रशने साफ करायचे. रोज. भुशाने जाळी भरली की मशीनला श्वास घेता येत नाही, असं ते म्हणायचे. दसऱ्याला करवतीच्या आधी मशीनला हार घातला तोही त्यांनीच, आणि मला कुंकू लावायला लावलं.

साखळीला धार लावणं माझ्याकडे. त्याला गोल कानस लागते. साखळीचा एक दात उजवीकडे तोंड करून असतो, पुढचा डावीकडे. दोन्ही बाजूंना सारख्याच कानशी मारायच्या असतात. आपला हात एका बाजूला सहज चालतो, दुसऱ्या बाजूला अडतो, आणि न कळत एका बाजूचे दात जास्त धारदार होतात. मग पट्टी सरळ जात नाही, एका अंगाला ओढते. आडवं कापायला घेतलं तर काप वर चढत जातो. आमचा चढायचा. मला वाटायचं, दुकानदाराने वाकडी पट्टी गळ्यात मारली. मी त्याला शिव्या द्यायचो आणि कानस गफूरभाईंच्या हातात देत नव्हतो.

गफूरभाईंची मशीनबद्दल एकच तक्रार होती. "हे चालू असलं की झाड काय म्हणतंय ते कळत न्हाई," असं ते म्हणायचे. कान बंद झाले म्हणून ते हाताने ऐकायला लागले. मी अलीकडून कापायला लागलो की ते पलीकडे, करवतीच्या त्यांच्या मुठीपाशी उभे राहायचे तिथेच उभे राहायचे आणि सालीवर उजवा तळवा टेकवायचे. आत काही सुटलं की थरथर तळव्याला कळायची. मग डावा हात वर करायचे, मी मशीन बंद करायचो. मला यात काही वावगं दिसलं नाही. मोठ्या खोडांत पट्टी पलीकडे निघतच नव्हती. आम्ही असं वर्षभर काम केलं.

तो लिंब मोठा नव्हता. माझ्या कवेत आला असता. वसतिगृहाचा प्लॉट होता. मालक एका क्लासचे सर होते. दुपारची बॅच सुटायच्या आत झाड पडलं पाहिजे, पोरांची गर्दी होते, असं ते सकाळपासून तीनदा येऊन सांगून गेले होते. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो आणि त्याच रागात दोरी ओढून मशीन सुरू केलं. ज्या बाजूला पाडायचं तिकडे खाच घेतली, मग खोडाच्या एका अंगाला उभा राहून मागच्या बाजूने आडवा काप सुरू केला. शेजारच्या इमारतीच्या गॅलरीत पोरं पुस्तकं हातात घेऊन बघत होती. काप वर चढत होता, ते मला दिसत होतं. मी जोर लावला. खोड बारीक होतं, पट्टीचं टोक पलीकडे निघालं, आणि सरळ निघालं असतं तिथून वीतभर वर निघालं.

गफूरभाईंचा तळवा तिथे होता.

पुढचं मी लिहीत नाही. तीन बोटं गेली आणि तळव्याची ताकद गेली. झाड अर्धवट कापलेलं तसंच उभं राहिलं. ते नंतर दुसऱ्या कुणीतरी पाडलं.

दवाखान्यात त्यांच्या हाताला मोठं बँडेज होतं आणि त्यांच्या पत्नी राबियाभाभी उशाशी बसल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, हा माणूस तिथे उभा कसा काय होता? भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मला राग आला. कुणाचा ते मला आजही सांगता येणार नाही. मी गफूरभाईंवरच ओरडलो.

"तुमाला सांगितलं होतं ना, पलीकडं उभं राहू नका म्हणून?"

गफूरभाईंनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "सांगितलं असशील आप्पा," ते म्हणाले. "मशीनच्या आवाजात ऐकू आलं न्हाई." मग म्हणाले, "वीस वर्षं तिथंच उभा हाय ना मी."

भाभींनी मान खाली घातली. डॉक्टर निघून गेले.

माझं ते वाक्य तिथेच राहायला हवं होतं. पण मी ते गंजात सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, वखारीत सांगितलं. सांगितलं होतं हो, ऐकलं नाही, जुनी सवय. लोक म्हणायचे, तुमची काय चूक आप्पा. इतक्या वेळा सांगितलं की मला स्वतःलाच ते आठवायला लागलं. कोणत्या जागी उभा राहून मी बोललो तेही दिसायला लागलं.

दोन वर्षांनी दुसरं मशीन घ्यायला त्याच दुकानात गेलो. या वेळी माणूस काढला नाही. तो लातूरला आला, साधा पोरगेला माणूस. पेट्रोल भरायच्या आधी, मशीनला हात लावायच्याही आधी त्याने जमलेल्या सगळ्यांना झाडाच्या उंचीच्या दुप्पट मागे नेऊन उभं केलं. पलीकडच्या बाजूला कुणी नको, तो म्हणाला, मशीनला पलीकडची बाजू नसते. मग कानस कशी धरायची ते दाखवलं आणि माझी जुनी साखळी बघून म्हणाला, ही वर चढत असणार. सगळं मिळून पाच मिनिटं झाली असतील.

मी दुसऱ्याच दिवशी नांदेडला गेलो आणि दुकानात उभा राहून ओरडलो. एका माणसाचा हात गेला तुमच्यामुळे. पाच मिनिटांचं काम होतं. मी कितीही भांडलो तरी तुम्ही माणूस पाठवायला हवा होता. गिऱ्हाईक भांडतंच, तुम्हाला धंदा कळतो, तुम्ही पाठवायला हवा होता. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. "आप्पा," तो म्हणाला, "मी दोनदा म्हटलं होतं." मी पायऱ्या उतरलो.

त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो खोटा आहे हे मला कळतं. तरी नांदेडला गेलो की मी त्या रस्त्याने जात नाही.

हात गेल्यावर गफूरभाई वर्षभर लातुरात होते. मी म्हणालो, कामावर या, नुसतं झाड बघून सांगा. ते आले, चार-पाच वेळा. डाव्या हाताने खोडावर थाप मारायचे, मान हलवायचे. पण मशीन सुरू झालं की दूर जाऊन पाठ करून उभे राहायचे. एकदा म्हणाले, उजव्याला आता ऐकू येत न्हाई आणि डाव्याला उजव्यासारखं ऐकू येत न्हाई. मग मुलीकडे उमरीला राहायला गेले. जावयाचं सायकलचं दुकान होतं, तिथे बसायचे.

मी वर्षातून दोन-तीनदा जायचो. ते मला बघून खरंच खूश व्हायचे. धंद्याचं विचारायचे, किती मशीनं झाली, जाळी रोज साफ करतो की न्हाई. जावयाला सांगायचे, ह्यो आप्पा, ह्याला करवत मी शिकवली, पहिला महिना नुसता ढकलायचा. दरवेळी कुणीतरी नवीन माणूस हाताबद्दल विचारायचा आणि ते हसून सांगायचे, माझीच चूक. आप्पानं सांगितलं होतं, आवाजात ऐकू आलं न्हाई. हे ते माझ्यासमोर सांगायचे, मला सांभाळून घ्यायला. मी चहाच्या कपात बघत बसायचो. आणि परतताना ते स्टँडपर्यंत सोडायला यायचे, गाडी हलेपर्यंत उभे राहायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात गेलो तेव्हा ते फार थकलेले दिसले. घरी दोघंच होतो. भाभी आत होत्या. नातीचं लग्न ठरलं होतं, तिच्या सासरचे लोक आदल्या दिवशी येऊन गेले होते, त्यांनाही त्यांनी तेच सांगितलं होतं. आता ते घरातलं वाक्य झालं होतं. त्यांच्या माघारी नातवंडं ते सांगणार, की आमचे नाना ऐकायचे नाहीत, म्हणून हात गेला.

मी त्यांना सांगितलं. नांदेडच्या दुकानदाराने माणूस देऊ केला होता, मी तो भावात काढायला लावला. कानस मी चुकीची मारत होतो, काप वर चढतो हे मला माहीत होतं. आणि पलीकडे उभं राहू नका असं मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी नाही, त्याआधीही नाही, एकदाही नाही. दवाखान्यात माझ्या तोंडून निघून गेलं.

गफूरभाईंनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. मी तयार होतो. ओरडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला येतं.

"हे सांगायला नको होतं, आप्पा," ते म्हणाले. "माझी चूक म्हणून मी बरा होतो."

मी काहीतरी बोलायला लागलो, त्यांनी डावा हात वर केला. मी थांबलो.

थोड्या वेळाने अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली. ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली, चप्पल घातली. नमाज पढून येतो, एवढं म्हणाले. मशीद गल्लीच्या टोकालाच होती. भाभींनी मला चहा आणून दिला आणि त्यांचा झाकून ठेवला.

अस्रचा नमाज किती वेळ चालतो ते मला चांगलं ठाऊक आहे. वीस वर्षं कामावर करवत खोडाला टेकवून मी त्यांची वाट बघितली आहे. मी चहा संपवला. नांदेडची एक गाडी गेली, तिचा हॉर्न घरापर्यंत ऐकू आला. माणसं मशिदीतून बाहेर पडून गल्लीतून गेली, दोघांनी मला सलाम केला, गफूरभाई त्यांत नव्हते. भाभी दारात आल्या, गल्लीच्या टोकाकडे बघत उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. आतून झाकणाचा आवाज आला. त्यांनी चहा परत पातेल्यात ओतला असावा.

दुसरी गाडीही मी सोडली. तिसरी त्या दिवसातली शेवटची होती. स्टँडपर्यंत मी एकटाच चालत गेलो.